जुना बँडसॉ घेण्याआधी एक चकती कापून पाहा

पूर्णेच्या आसपासच्या वर्कशॉपांचा हंगाम साखर कारखान्याच्या भोंग्याआधी सुरू होतो. पावसाळा सरत आला की उसाच्या ट्रॉल्यांचे एक्सल, रोटाव्हेटरचे शाफ्ट, वाकलेले हूक दारात येऊन पडतात. तिकडे वसमतचा पूर्णा सहकारी, इकडे तालुक्यातच कानडखेडचा बळीराजा. एकदा गाळप सुरू झालं की ट्रॅक्टरवाला दोन दिवसही थांबायला तयार नसतो. ऊस आटोपत येतो तोच हळद निघते, आणि हळद शिजवायचे बॉयलर, पॉलिशचे ड्रम यांची कामं डोक्यावर बसतात. यातल्या प्रत्येक कामाची सुरुवात एकाच गोष्टीने होते: वीस फुटी बारमधून हवा तेवढा तुकडा कापायचा.

बहुतेक ठिकाणी तो कटऑफ मशीनवर कापला जातो. ३५५ मिलिमीटरचं, म्हणजे चौदा इंची चाक, कान किटवणारा आवाज आणि ठिणग्यांचा फवारा. गेट-ग्रिलच्या कामाला, दोन मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाईपला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. ज्याचं काम तेवढंच आहे त्याने बँडसॉच्या नादी लागू नये. अडचण येते ती भरीव बारला. पन्नास-साठ मिलिमीटरचा शाफ्ट कटऑफवर कापताना टोक लालबुंद होतं. शाफ्ट साध्या एमएसचा असेल तर फार बिघडत नाही. तो ईएन-८ चा असला, म्हणजे त्यात ०.४ टक्क्यांच्या आसपास कार्बन असला, तर तापलेलं टोक थंड होताना जागोजागी कडक होतं. मग लेथवाला तो तुकडा चकमध्ये धरतो, टूल लावतो, टूलची धार जाते आणि तो आपल्या नावाने बोटं मोडतो.

बँडसॉ विकणारे हमखास सांगतात की यात लोखंड वाचतं. हिशेब करून पाहू. गोल बारचं वजन काढायचं सूत्र प्रत्येक मिस्त्रीला पाठ असतं: व्यासाचा वर्ग भागिले १६२. पन्नास मिलिमीटरचा बार मीटरला साधारण १५.४ किलो, म्हणजे एका मिलिमीटरला १५ ग्रॅमच्या जरा वर. बँडसॉच्या ०.९ मिलिमीटर जाडीच्या ब्लेडचे दात दोन्ही बाजूंना कललेले असतात, त्यामुळे काप दीड-पावणेदोन मिलिमीटर रुंद पडतो आणि पंचवीसेक ग्रॅम लोखंड जातं. कटऑफच्या चाकात पन्नासेक ग्रॅम जातं. शंभर कापांमागे वाचले अडीच किलो. मोठ्या कारखान्याला ही रक्कम मोठी असेल, पूर्णेतल्या एका शेडला एवढ्यासाठी मशीन घेणं परवडणार नाही. खरा फायदा वेगळा आहे. काप सरळ येतो, टोक थंड राहतं, आणि बार व्हाइसमध्ये आवळून मशीन चालू केलं की माणूस मोकळा होतो. त्या दोन-तीन मिनिटांत तो शेजारी वेल्डिंग करू शकतो. काप संपला की लिमिट स्विच मोटर बंद करतो. दोन माणसांच्या वर्कशॉपमध्ये हा एक जास्तीचा हात झाला.

पॉवर हॅक्सॉबद्दलही दोन शब्द. दिवसाला पाच-सात शाफ्टच कापायचे असतील तर जुना पॉवर हॅक्सॉ वाईट नाही. त्याचं ब्लेड स्वस्त असतं, कुठेही मिळतं, आणि मशीनमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. फक्त तो एका दिशेच्या फेऱ्यातच कापतो, परतीचा फेरा रिकामा जातो. बँडसॉत परतीचा फेराच नाही. दोन चाकांवर पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखं गुंडाळलेलं दातेरी ब्लेड अखंड एकाच दिशेने फिरत असतं. ही कल्पना जुनी आहे. विल्यम न्यूबेरी नावाच्या इंग्रजाने १८०८ मध्ये तिचं पेटंट घेतलं, पण ब्लेडची दोन टोकं न तुटता जोडायची कशी हे कुणाला जमेना. १८४६ मध्ये फ्रान्समध्ये अॅन पोलीन क्रेपँ या बाईंनी जोड देण्याची रीत काढली, तेव्हा कुठे लाकडासाठी बँडसॉ चालू लागला. धातूसाठी तो रुळला तो विसाव्या शतकात. आपल्या सॉ मिलमधला पट्टा मिनिटाला हजार मीटर किंवा त्याहून जोरात पळतो, आणि लोखंडाला मिनिटाला साठ-सत्तर मीटरच वेग लागतो. त्यामुळे लाकडाचा बँडसॉ 'पुली बदलून लोखंडाला चालेल' असं कुणी सांगितलं तर नमस्कार करून निघावं.

जुनं मशीन मिळतं कुठे? परभणी आणि नांदेड दोन्ही पूर्णेपासून तीसेक किलोमीटरवर, पण तिथे निवड फारशी नसते. माल असतो तो छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज-चिकलठाण्यात, पुण्याच्या भोसरीत, हैदराबादच्या बालानगरमध्ये. मोठे कारखाने ऑटोमॅटिक मशीन घेतात तेव्हा साधी मशीनं बाहेर निघतात; काही वर्कशॉप बंद पडतात, काहींचा बँक लिलाव करते. मधले दलाल मशीन धुतात, हिरवा नाहीतर निळा रंग मारतात आणि म्हणतात, "मालक, कंपनीतली मशीन आहे, नुसती उभी होती." दसऱ्याच्या तोंडावर हे बोलणं जास्त ऐकू येतं, कारण खंडेनवमीला नवं यंत्र पुजायची हौस सगळ्यांनाच असते. मुहूर्त गाठायच्या घाईत घेतलेलं मशीन पुढे वर्षभर पुजावं लागतं.

फोनवर विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नसावा. विचारायचं ते हे: ब्लेड कोणतं लागतं? लांबी, रुंदी, जाडी. उत्तर '२७ बाय ०.९' असं आलं तर अर्धी काळजी मिटली, कारण आपल्याकडच्या मध्यम मशीनांना हेच माप लागतं. बायमेटल पट्टीचं रीळ ठेवणारे दुकानदार हव्या लांबीचा तुकडा जोडून देतात. छोट्या आयात मशीनला १३ मिलिमीटर रुंद आणि ०.६५ जाडीचं ब्लेड लागतं. ते दुकानात सहज मिळेलच असं नाही. विक्रेत्याला ब्लेडचं माप सांगता येत नसेल तर ते मशीन त्याने चालवलेलं नाही, एवढं तरी कळतं.

चाकाचा व्यासही विचारून घ्यावा. ब्लेड प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाकतं आणि दोनदा सरळ होतं. चाक जितकं लहान आणि ब्लेड जितकं जाड, तितका त्या वाकण्याचा ताण मोठा. ०.६५ चं ब्लेड सात इंची चाकावर निभावून जातं; ०.९ चं तिथे चढवलं तर दात शाबूत असतानाच दातांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात आणि ते तुटतं. म्हणून २७ मिलिमीटर ब्लेडसाठी तीनशेहून मोठी चाकं असलेलं मशीन बघावं. ते वजनाला चारशे-पाचशे किलोंच्या घरात जातं, आणि लोखंड कापणाऱ्या मशीनला वजन असलेलं बरंच.

प्रत्यक्ष बघायला जाताना सोबत व्हर्निअर, गुण्या, कानस, खडू आणि घड्याळ असावं. आपल्याच रॅकमधला पंच्याहत्तर मिलिमीटरचा एमएस बारचा एखादा हातभर तुकडाही घ्यावा. विक्रेत्याने आधीच दाखवायला ठेवलेला तुकडा कापून घेण्यात अर्थ नाही.

आधी मशीन बंद ठेवून झाकणं उघडायची. चाकाच्या कडेला जी उभी किनार असते तिला ब्लेडची पाठ जेमतेम टेकायला हवी. किनारीत खोल चर पडलेला दिसला तर मशीन बराच काळ वाकड्या ट्रॅकिंगवर चाललं आहे. चाक दोन्ही हातांनी धरून हलवा. खुळखुळलं तर बेअरिंग गेलं. हे दुरुस्त होण्यासारखं आहे, त्यासाठी सौदा मोडायला नको, किंमत मात्र उतरवून घ्यावी. मग वरची मान, म्हणजे चाकं आणि मोटर धरणारा बाहू, थोडी उचलून तिच्या टोकाला बाजूने ढकला. बिजागरीच्या पिनमध्ये खेळ असेल तर तो इथे बोटाला जाणवतो, आणि मशीनच्या सगळ्या वाकड्या कापांचं मूळ पुष्कळदा तिथेच निघतं. पिन-बुश बदलून मिळतात, पण भोकच लंबगोल झालं असेल तर बोरिंग करावं लागतं. असलं मशीन सोडून द्यावं हे बरं.

गिअर बॉक्सचं झाकण उघडून तेल बोटावर घ्या. आत स्टीलचा वर्म आणि ब्राँझचं चाक असतं. तेलात सोनेरी चमक दिसली तर ब्राँझ झिजून तेलात उतरलं आहे. मग चालकचाक हाताने पुढेमागे हलवून दात किती रिकामे फिरतात ते पाहायचं. ब्राँझचं चाक कुठेही पाडून मिळतं, पण लेथ आणि हॉबिंग मिळून खर्च चांगलाच होतो.

आता मशीन चालू करायला सांगा आणि दोन मिनिटं काहीही न कापता नुसतं ऐका. ब्लेडवर जोडाजवळ खडूची खूण करून एका मिनिटात ती किती वेळा समोरून जाते ते मोजा. तीन मीटरचं ब्लेड वीस वेळा गेलं तर वेग मिनिटाला साठ मीटर, एमएसला ठीक. आता 'टक' असा आवाज येत असेल तर तो किती वेळाने येतो ते पाहा. खुणेबरोबर, दर तीन सेकंदांनी येत असेल तर दोष ब्लेडचा आहे: जोड जाड राहिला असेल नाहीतर दात तुटला असेल. ब्लेड बदललं की आवाज गेला. सेकंदाला एकदा येत असेल तर चाक किंवा त्याचं बेअरिंग, कारण तीनशे मिलिमीटरच्या चाकाचा घेर जवळपास मीटरभर असतो. याहून झपाट्याने येत असेल तर मोटर किंवा वर्मकडे लक्ष द्यायचं. घड्याळाखेरीज यासाठी काहीच लागत नाही, आणि विक्रेत्याला रंगाखाली आवाज लपवता येत नाही.

मान खाली उतरवणाऱ्या हायड्रोलिक सिलिंडरची परीक्षा सोपी आहे. मान वर करून व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. ती जागच्या जागी थांबली पाहिजे. थोडा उघडा, ती गचके न खाता सरकत आली पाहिजे. गचके खाल्ले तर सिलिंडरमध्ये हवा, हळूहळू उतरली तर सील गेले. दोन्ही किरकोळ.

यानंतरची परीक्षा मात्र चुकवू नये. बार व्हाइसमध्ये धरून टोकाचा एक काप घ्या, म्हणजे तोंड या मशीनने कापलेलं झालं. बारच्या माथ्यावर खडूची रेघ ओढा. बार सैल करून पाच-सहा मिलिमीटर पुढे सरकवा, आणि पुन्हा आवळण्याआधी अर्धा फेरा फिरवून रेघ खाली करा. मग चकती कापा. पुष्कळ जण बार न फिरवता चकती कापतात, ती चारी बाजूंनी सारख्या जाडीची निघते आणि ते खूश होतात. पण मशीन तिरकं कापत असेल तर दोन्ही काप एकाच दिशेने तिरके येतात आणि जाडी सारखीच राहते. बार फिरवला की दोन काप एकमेकांच्या विरुद्ध कलतात, आणि चकतीच्या जाडीत चुकीचं माप दुप्पट होऊन दिसतं.

व्हर्निअरने चकती चार ठिकाणी मोजा: वर, खाली, पुढे, मागे. चांगल्या स्थितीतलं मशीन आणि बरं ब्लेड असेल तर पंचवीस मिलिमीटरमागे ०.०५ इतका कल यायला हरकत नाही. पंच्याहत्तरच्या बारला तो ०.१५ झाला, दुप्पट करून ०.३. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फरक आला तरी मी म्हणेन चालेल, शाफ्टचं टोक लेथवर फेस होणारच आहे. मिलिमीटरच्या वर गेला तर तो कुठल्या बाजूला आहे ते पाहायचं. पुढे-मागे फरक असेल तर व्हाइसचा स्थिर जबडा ब्लेडशी गुण्यात नाही. दोन बोल्ट ढिले करून दहा मिनिटांत तो लावता येतो. वर-खाली फरक असेल तर दोष गाइडमध्ये, ब्लेडच्या ताणात किंवा बिजागरीत आहे. गाइडचे रोलर आणि कार्बाइडचे पॅड झिजून ब्लेडला हलायला जागा झाली की ते खाली जाता जाता एका अंगाला पळतं. चकतीच्या तोंडावर पट्टी उभी धरून पाहा. मध्ये फुगवटा किंवा खळगा दिसला तर ब्लेड सैल, बोथट किंवा दाब जास्त. बोथट ब्लेडची शंका असेल तर, फोनवर विचारलेलं माप इथे उपयोगी पडतं: त्या मापाचं नवं ब्लेड सोबत नेऊन तेच चढवायला लावायचं. मशीन पसंत पडलं नाही तर काही हजारांचं ब्लेड घरी पडून राहील, पण खराब मशीन त्याहून कितीतरी महाग पडतं.

कीसही बघून घ्यावा. सैल, चंदेरी कुरळ्या पडत असतील तर वेग आणि दाब जमले आहेत. भुकटी पडत असेल तर ब्लेड नुसतं घासतं आहे, दाब वाढवावा. निळसर, जाड कीस म्हणजे दाब जास्त.

दातांबद्दल एकच नियम लक्षात ठेवला तरी पुरे: कापताना एका वेळी निदान तीन दात लोखंडात असावेत. इंचाला चार दातांचं ब्लेड भरीव पंच्याहत्तरच्या बारला छान चालतं, तेच तीन मिलिमीटरच्या अँगलवर लावलं तर एकही दात धड आत बसत नाही, अँगलची कड दातांच्या मधल्या खाचेत अडकते आणि दातांची रांगच्या रांग उडते. म्हणून बारचं आणि पाईप-अँगलचं ब्लेड वेगळं ठेवायचं: बारला ४/६, पाईपला १०/१४. बायमेटल ब्लेडची पाठ स्प्रिंग स्टीलची आणि दातांची कड कोबाल्टयुक्त हायस्पीड स्टीलची असते. त्यातली एम-४२ ही जात रॉकवेलवर ६७-६८ पर्यंत कडक असते.

ते दात कडक असले तरी त्यांनाही मर्यादा आहे, आणि पूर्णेसारख्या गावात ती ध्यानात ठेवावी लागते. इथे जुन्या ट्रॅक्टरचे एक्सल, पाट्याच्या स्प्रिंगा, भंगारातले शाफ्ट यांवर बरंच काम चालतं, आणि यातलं पुष्कळसं लोखंड वरून कडक केलेलं असतं. असल्या तुकड्यावर आधी कानस फिरवा. कानस न धरता घसरली तर तो तुकडा बँडसॉवर घालायचा नाही, त्याला कटऑफच बरा. रेल्वेच्या रुळाचा तुकडा ऐरण म्हणून इथल्या अनेक दुकानांत दिसतो. रुळात ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो, आणि वर्षानुवर्षं चाकं खाऊन त्याचा माथा आणखी कडक झालेला असतो. ब्लेडची धार तो एका कापात संपवतो. शिवाय पूर्णेसारख्या जंक्शनच्या गावात दुसरी एक बाब आहे. १९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायद्याखाली रेल्वेचा माल आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आला हे आपणच सिद्ध करायचं असतं, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. रेल्वे स्वतः भंगार आणि जुनी यंत्रं ऑनलाइन लिलावात काढते. तिथे नोंदणी करून रीतसर घेतलेल्या मालाची पावती मात्र जपून ठेवावी. दलालाकडून मशीन घेतानाही बिलाचा आग्रह धरावा, त्यावर मशीनचा नंबर लिहून घ्यावा.

विजेचा विचार सौद्याआधीच व्हायला हवा. मध्यम मशीनला दीड-दोन एचपीची थ्री फेज मोटर असते. दुकानाला सिंगल फेजच असेल तर ड्राइव्ह बसवून ती चालवता येते, पण सिंगल फेजवर चालणारा ड्राइव्ह २३० व्होल्टच बाहेर देतो. मोटरच्या डब्यात सहा टोकं बाहेर काढलेली असतील तर स्टारचं डेल्टा करून काम भागतं; तीनच असतील तर मोटर उघडावी लागेल. ड्राइव्हचा एक फायदा म्हणजे स्टेनलेससाठी ब्लेडचा वेग निम्म्यावर आणता येतो.

आणताना मशीन तळाच्या चौकटीला पट्टे लावून उचलायचं, मानेला धरून कधीच नाही. मान खाली उतरवून बांधायची आणि कूलंटची टाकी आधी रिकामी करायची. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ असतो. तो काढून नवं सोल्युबल ऑइल भरताना पाण्यात तेल घालायचं, तेलात पाणी नाही, नाहीतर मिश्रण फुटतं. प्रमाण दहा-पंधराला एक. एप्रिल-मेच्या परभणीच्या उन्हात पाणी झपाट्याने उडतं आणि उरलेलं मिश्रण दाट होत जातं, तेव्हा वरून भरताना नुसतं पाणी किंवा अगदी पातळ मिश्रण घालावं.

जागा मात्र आधीच आखून ठेवा. बार सहा मीटरचा येतो, म्हणजे व्हाइसच्या एका बाजूला वीस फूट मोकळे हवेत, आणि बार पेलायला रोलर स्टँड. वीस फुटी शेडमध्ये मशीन दाराशी तिरपं ठेवून बार बाहेरून आत घेणारे लोक आहेत, तेही चालतं. आपल्या काळ्या मातीवर पातळ कोबा असेल तर तो पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात तडकतो. मशीनच्या चारही पायांखाली जाड प्लेट घालून दर हंगामाआधी लेव्हल पाहावी. वायरमनने जोडणी केली की बार लावण्याआधी मशीन रिकामं फिरवून ब्लेडचे दात ज्या दिशेला टोकं करून आहेत त्याच दिशेला ते पळतं का ते पाहायचं. उलटं पळत असेल तर तीनपैकी कुठल्याही दोन फेजच्या वायरी आपापसात बदलायच्या. मग नवं ब्लेड चढवायचं आणि पहिले काही काप निम्म्या दाबाने घ्यायचे.